रोमची अर्धी गोष्ट

"मग हातांना कळलं, पायांना कळलं. आपण रुसून उपाशी ठेवलं ते पोट आपलंच होतं. सगळे पुन्हा कामाला लागले. आणि ही गोष्ट ऐकून, कामं टाकून डोंगरावर जाऊन बसलेली रोमची ती गरीब माणसं खाली उतरली," असं म्हणून मानसिंग सर थांबले.

गोष्ट तिथं संपत नाही, हे त्यांच्याइतकं वरकुट्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. बारामतीच्या कॉलेजात ते एकोणीस वर्षं रोमचं प्रजासत्ताक शिकवत होते.

समोर माळावर बारा कोयत्यांची टोळी बसली होती. बारा कोयते म्हणजे ऊस तोडायला आलेल्या बारा नवरा-बायकोच्या जोड्या. चार दिवसांपूर्वी ट्रॅक्टरवाल्या झुंबरनं भरलेल्या ट्रॉलीवर "अजून एक थर" चढवायला लावला आणि टोळीतली तानूबाई मोळीसकट ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून खाली आली. मांडीचं हाड मोडलं. तिला बारामतीला दवाखान्यात घातलं आणि टोळी कोयते टाकून माळावर येऊन बसली. त्यांचं मागणं एवढंच होतं, की सारजा 'बास' म्हणाली की वर थर चढवायचा नाही. सारजा त्यांच्यातली जुनी बाई, वीस हंगाम ऊस तोडलेली. झुंबर ऐकेना. "उद्या ह्या बाया मला ट्रॅक्टर हाकायला शिकवतील," म्हणाला, आणि शिकलेल्या माणसाचं तरी ऐकतील म्हणून सरांना घेऊन आला.

सर आले ते काही झुंबरच्या शब्दाखातर नाही. तोडीला पुढचा नंबर त्यांच्या उसाचा होता. दोन एकर ऊस, वर पांढरे तुरे आलेले. एकेक दिवस गेला की आतून आणखी पोकळ पडणार. हे टोळीला माहीत नव्हतं, आणि सरांनी ते सांगितलंही नाही. शहाण्णव सालच्या त्या हंगामात जो तो आपल्याच पोळीवर तूप ओढत होता, मग सरांनीच काय घोडं मारलं होतं?

"मास्तर," सारजा म्हणाली, "आन् खाली उतरताना त्यांस्नी काय मिळालं?"

वर्गात हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून सर तो परीक्षेत घालत. पाच गुणांना. आणि उत्तर सांगताना टेबलावर हात आपटत.

माळाखाली तुरे हलत होते. सरांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"एकी मिळाली," ते म्हणाले.

धर्मराजानं निदान 'कुंजरो वा' पुटपुटलं तरी होतं. सरांनी तेवढंही केलं नाही.

सारजा कोयता उचलून उठली. "चला गं. शिकलेलं मानूस हाय, खोटं कशाला सांगंल?"

हे वाक्य सरांच्या मागं घरापर्यंत आलं. जेवताना आलं, दुसऱ्या दिवशी वर्गातही आलं. फळ्यावर रोमच्या टेकड्या काढता काढता त्यांचा खडू थांबला आणि मुलं एकमेकांकडं बघायला लागली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. शेवटचा तास सोडून त्यांनी इंदापूरची एसटी धरली आणि फाट्यावर उतरून तडक आपलं रान गाठलं.

उसाचा एक कोपरा मोकळा झाला होता. ट्रॉली काठोकाठ भरली होती. झुंबर चाकापाशी उभा राहून ओरडत होता, "अजून एक थर! चला, हात उचला!"

फळी लावलेली होती, पण तिच्यावर पाय ठेवायला कुणी पुढं होईना. पोरीबाळींना मागं सारून सारजा डोक्यावरच्या मोळीसकट स्वतः चढायला लागली. फळी मधोमध वाकली.

"थांब सारजाबाई!" सर बांधावरूनच ओरडले. "काल गोष्ट पुरी झाली नव्हती."

ती फळीवरच थांबली. सगळ्यांचे हात थांबले.

"त्या लोकांना त्यांचं माणूस मिळालं," सर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "त्यांच्यातलंच एक. त्यानं नको म्हटलं की राज्याचा हुकूमसुद्धा जागच्या जागी थांबायचा. त्याच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. हे कबूल झालं, तवा ते डोंगर उतरले."

"मला वाटलंच," सारजा म्हणाली. "निस्त्या गोष्टीवर कोन उतरतंय खाली?" मग तिनं सरांकडं नीट पाहिलं. "मग काल का न्हाय सांगितलं, मास्तर?"

सरांनी झुंबरकडं पाहिलं, तर तो तंबाखू मळत होता. बाकीचे सगळे त्यांच्याकडंच बघत होते.

"हा ऊस माझा हाय, बाई."

एखादीनं शिवी हासडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

सारजा फळीवरून मागं उतरली. चालत आली, डोक्यावरची मोळी तिनं सरांच्या पायाशी टाकली आणि झुंबरकडं तोंड केलं.

"बास."

मागच्या बाईनं मोळी टाकली. तिच्या मागच्या गड्यानं टाकली. मग सगळ्यांनीच टाकली.

"अवो सर, सांगा की हिला!" झुंबर कळवळला. "तुमचाच ऊस उभा ऱ्हायलाय!"

सरांनी उसाकडं पाहिलं. पावणेदोन एकर तरी उभा होता. तुरे कालच्यासारखेच हलत होते.

"झुंबर," ते म्हणाले, "तिनं बास म्हटलंय."