बारा रविवारांचा बेत

सुट्या भागांची गाडी विकत आणायची आणि आईबरोबर घरीच जोडायची, असा बेत नायजेलने सांगितला तेव्हा आई फिस्सकन हसली होती. कॉव्हेंट्रीच्या गिअरबॉक्स कारखान्यात तीस वर्षं पाने चालवलेली बाई ती. "तू? तुला जॅमच्या बरणीचं झाकण उघडत नाही!"

तरी त्याने तिच्या गॅरेजच्या भिंतीवर तक्ता चिकटवला. बारा रविवार, की मे महिन्यात गाडी रस्त्यावर.

आज तेविसावा रविवार होता आणि गाडीला अजून चाकं नव्हती.

"हा बघ, पुन्हा ढिला!" आईने इंजिनाखालचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून दाखवला. "पाना धरतोस की चहाचा चमचा? अगदी बापावर गेलायस. खोल सगळं."

नायजेल वाकला. बोल्ट पक्का आवळला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, म्हणजे हलला तर कळतो, हे आईनेच शिकवलेलं. गेल्या रविवारी निघताना त्याने ओढलेली रेघ आता मधोमध तुटली होती. आणि उभ्या गाडीचा बोल्ट आपोआप सुटत नाही, हेही तिनेच शिकवलेलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस? आज काही हे तुझ्याच्याने व्हायचं नाही," आई म्हणाली. "पुढच्या रविवारी ये मुकाट्याने."

"येतो," नायजेल म्हणाला. "पिवळा रंग संपत आलाय, या वेळी मोठा डबाच आणतो."