ब्रशातले पत्ते

"पुन्हा सांगा. ओळ मोठी की रंग?"

"रंग मोठा, वहिनी," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "पाचही बदाम, नाहीतर पाचही इस्पिक, तो रंग. पाच पत्ते लागोपाठ आले की ओळ. तीन सारखे त्याच्या खाली, जोडी त्याच्याही खाली. काहीच जमलं नाही तर पत्ते खाली ठेवायचे आणि गप बसायचं."

तिने ते पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. वय सदुसष्ट. शाळेच्या ऑफिसात टायपिंग करण्यात जन्म गेला, पत्त्यांना कधी हात लावला नव्हता. पोकर हा पत्त्यांचा खेळ नवऱ्याचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दर रविवारी दुपारी याच टेबलाशी इलेक्ट्रिशियनबरोबर खेळायचा. चार महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मोठ्या डॉक्टरांनी तपासताना "बोट हलवा, डोळे मिटा" म्हणून सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'समज नाही.'

त्या दोन शब्दांवर सगळं अडलं होतं. शुश्रूषा केंद्रात दोन मजले होते. समज असलेल्यांना वरच्या मजल्यावर व्यायाम देत, बोलायला शिकवत. खालच्या मजल्यावर फक्त भरवत आणि कुशी बदलत. मुलाने खालची खाट ठरवली होती.

"बोट हलवा म्हणे!" ती मुलाला म्हणाली होती. "एवढ्या मोठ्या माणसाला असं सांगतात का? मीसुद्धा नसतं हलवलं."

"आई, हट्ट सोड. त्यांना उचलून उचलून तुझी कंबर गेली. उद्या तूही पडलीस तर?"

"पडले की बघू. त्यांना पत्ते कळतात, ते आधी दाखवते तुला."

नणंद येऊन गेली. "आजारी माणसापुढे पत्ते कुटतेस? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या. चौथा गडी हवाच आहे."

नवऱ्याला एका हाताने पत्ते धरता येईनात. तिने कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवला आणि ब्रशाच्या केसांत पत्ते खोवले. पैज लावायला त्याच्याच हत्यारांच्या पेटीतले वॉशर काढले. पहिला आठवडा तो पत्त्यांकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या आठवड्यात डाव्या हाताने वॉशर जमिनीवर लोटले. ती वाकून एकेक गोळा करी आणि पुन्हा पिसायला बसे. तिसऱ्या आठवड्यात त्याने एक वॉशर पुढे सरकवला. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "हात चळला असेल."

आज रविवार होता. मुलगा केंद्राचा फॉर्म घेऊन आला होता. खाली गाडी उभी होती.

"एवढा डाव होऊ दे," ती म्हणाली. मुलगा दाराशी उभाच राहिला.

इलेक्ट्रिशियनने पाच पाच पत्ते वाटले. तिच्या हातात तीन राण्या आल्या. नको ते दोन पत्ते तिने बदलून घेतले, तरी तीन राण्या पुष्कळ होत्या. इलेक्ट्रिशियनने आपले पत्ते खाली ठेवले आणि नवऱ्याला विचारलं, "दोस्ता, तुला किती बदलून हवेत?"

नवऱ्याने डावी मूठ मिटून टेबलावर ठेवली. एकही नको.

तिने दोन वॉशर लावले. त्याने चार सरकवले. तिने आठ केले. त्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग हाताची आडवी कड करून समोरचा सगळा ढीग मध्ये लोटला.

ती चपापली. नियमांचा कागद पुन्हा वाचला. एकही पत्ता बदलला नाही, म्हणजे आलेले पाचही जमलेले. रंग असेल. निदान ओळ तरी. तीन राण्या त्यापुढे कुठे टिकणार?

"घ्या. तुमचंच," म्हणून तिने पत्ते खाली ठेवले.

त्याने लगेच कोपराने सगळे वॉशर आपल्याकडे ओढले.

"त्यांना काय आलं होतं ते बघ तरी," मुलगा म्हणाला.

"बघायचे नसतात," इलेक्ट्रिशियन म्हणेपर्यंत तिने ब्रश फिरवला होता. बदाम दुर्री. किलवर पंजी. चौकट सत्ती. इस्पिक नव्वी. बदाम गुलाम. रंग नाही, ओळ नाही, साधी जोडीसुद्धा नाही.

तिचा हात ब्रशावरच राहिला. इतके दिवस ती ज्याच्याशी खेळत होती, त्याला पत्ते कळतच नव्हते. आलं ते त्याने नुसतं लोटलं होतं.

मुलाने हळूच फॉर्म टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं. "झालं ना, आई?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

तिने पेन उचललं.

तेवढ्यात इलेक्ट्रिशियन हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. "वहिनी, तीस वर्षं! तीस वर्षं हा मला असाच लुबाडतोय. हातात काही नसताना असा बसतो, की समोरच्याने घाबरून पत्ते टाकावेत. हे तुम्हाला मी अजून शिकवलंच नव्हतं!"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडाची उजवी बाजू तशीच लोंबत होती. डावी मात्र वर चढली होती, कानापर्यंत.

तिने पेन खाली ठेवलं, उठली आणि मुलाचं मनगट धरून त्याला टेबलाशी ओढलं.

"बघ!" ती ओरडली. "तुझ्या बाबांनी मला फसवलं!"