बिनसाखरेचा ट्रे

मिठाईच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात संदेश नावाच्या बिनसाखरेच्या मिठाईचा ट्रे काठोकाठ भरला होता. शिवतोषबाबूंनी तो पाहिला, नाक काचेला लावून पुन्हा पाहिला. चाळीस तरी होते.

भाईफोंट्याची, म्हणजे बंगाली भाऊबीजेची सकाळ होती. चंदननगरातले सगळे भाऊ मिठाई घेऊन बहिणींकडे निघालेले, त्यामुळे गौरहरीच्या दुकानापुढची रांग पार पानवाल्यापर्यंत गेली होती. शिवतोषबाबू मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आज पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते.

"गौर, आता वाजले किती?"

"नऊ, शिबूदा."

"आषाढापासून मी रोज आठला येत होतो. आणि तू रोज सांगत होतास, 'शिबूदा, बिनसाखरेचा एकच उरलाय.' मला काय, ट्रे दिसतच नव्हता, तू म्हणशील ते खरं. आठ वाजता एकच उरायचा? दुकान उघडायच्या आधी भुतं न्यायची का रे तुझी मिठाई?"

रांग हसली. गौरहरी मात्र मान खाली घालून खोक्याला दोरा गुंडाळत राहिला.

"आंधळ्याला फसवलंस! मी सहा-सहा खाणारा माणूस. साखर नाही त्यात, बाधणार काय?"

"साखर नाही, पण छाना आहे ना," गौरहरी हळूच म्हणाला. "नासवलेल्या दुधाचा गोळाच तो. वर बिनसाखरेचं खाल्लं म्हणून घरी जाऊन तळलेल्या लुच्या चार जास्त. पोट सुटलं तुमचं, रक्तातली साखर खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी तीनदा परत पाठवलं, म्हणाले, आधी साखर उतरवा, मग डोळा."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. ह्याच बाकावर बसून, सहावा संदेश खाताना."

रांग पुन्हा हसली. शिवतोषबाबूंच्या ओठांवरही हसू येऊ घातलं होतं, ते त्यांनी आवरलं.

"आणि एक दिवस तुम्ही त्या खांबाला विचारलंत, 'गौर, पोरगी बरी आहे ना?' मी बाजूलाच उभा होतो, शिबूदा. त्यानंतर तुम्हाला सहा द्यायला माझा हातच उचलेना."

आता कुणी हसलं नाही. शिवतोषबाबूंनी खांबाकडे पाहिलं, मग गौरहरीकडे. त्याच्या मिश्या केव्हा पिकल्या ते त्यांना कळलंच नव्हतं. चिडायला म्हणून ते पुढे सरसावले होते, पण राग कुठल्या कुठे गेला. गेल्या वर्षी दीदीनं कपाळाला चंदन लावलं तेव्हा तिचा चेहरा दिसला नव्हता, समोर नुसतं पांढुरकं काही तरी हललं होतं. आज तो चेहरा दिसणार होता. त्यांना गौरहरीचा हात घट्ट धरावासा वाटला. मध्ये काच होती.

"फार उपकार केलेस रे," ते म्हणाले. "स्वतःचं गिऱ्हाईक तोडून."

"गिऱ्हाईक कुठं तुटलं? रोज एक नेतच होतात की."

"ओ काका, आटपा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तिकडे बहीण उपाशी बसली असेल!"

शिवतोषबाबूंनी बाहीनं डोळे पुसले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तेही विसरले.

"दीदीसाठी रसगुल्ले बांध, चांगले साखरेचे. आणि मला बिनसाखरेचा दे."

गौरहरीनं भरलेला ट्रे बाहेर ओढला, त्यांच्यासमोर ठेवला. "किती देऊ?"

शिवतोषबाबूंनी चाळीसही संदेशांवरून नजर फिरवली.

"किती काय विचारतोस? एकच तर उरलाय."