लांब जाणारी

पायांनी अधू असलेला लियाकत वेल्ह्याहून रोज पहाटे तीनचाकीवर वाड्यावस्त्यांना पेपर टाकायचा. हातानं मारायची गाडी चढाला जीव काढते, म्हणून त्यानं महिन्यापूर्वी तिला मोटर बसवून घेतली होती. भोरच्या बहिणीला ते सांगायचंही राहून गेलं होतं. परवा बॅटरी कायमची बसली आणि दोन दिवसांचे गठ्ठे पडून राहिले.

एजंट म्हणाला, "उद्या पेपर पोचलं न्हाईत, तर तुजी लाईन दुसऱ्याला. मला बी गिऱ्हाइकाला तोंड दावायचंय."

वेल्ह्यात बॅटरी मिळेना. लियाकतनं भोरच्या एसटीच्या कंडक्टरपुढं हात जोडले.

"मामा, गुलफशाआपाला निरोप द्या. लियाकतला बॅटरी पायजे म्हणावं. लई लांब जाणारी, मधेच दम न सोडणारी. हलकी मिळाली तर लईच बरं. पण आजच धाडा, न्हाईतर माजं काम गेलं."

शेवटच्या एसटीनं खोकं आलं. कंडक्टरनं ते एका हातानं खिडकीतून खाली दिलं, तेव्हा लियाकतचा जीव भांड्यात पडला. आपानं नव्या जातीची हलकी बॅटरी शोधून काढली होती!



खोक्यात हातात धरायची, चार सेलची चकचकीत बॅटरी होती आणि आपाची चिठ्ठी: "भावा, दुकानाचं शटर ओढून, अंधार करून पाच पारखल्या. हिचाच उजेड पार लांब जातो. पहाटेचा जपून जात जा."