तिघींचे वजन

"लेकरू एकटं काट्यावर जानार न्हाई," गंगम्मा म्हणाल्या. "तोलायचं तर जोडीनं तोला. एकट्याला तोलतेत ते बोकड."

राजेश्रीने आढ्याच्या कडीला अडकवलेला झोळीचा काटा पुन्हा खाली काढला. ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. पालममधल्या या घरातून अंगणवाडीच्या ताई दोनदा वजन न करताच परतल्या, म्हणून आज ती स्वतः आली होती. दहा महिन्यांची अर्पिता दुपट्यात गच्च गुंडाळलेली, आईच्या, त्रिवेणीच्या, खांद्यावर मान टाकून पडली होती. रडतही नव्हती. वजन सहा किलोच्या खाली भरले तर तिला आजच परभणीच्या दवाखान्यात दाखल करावे लागणार होते.

राजेश्रीने मोठ्या माणसांचा सपाट काटा फरशीवर ठेवला.

"बरं. त्रिवेणीताई बाळाला घेऊन उभ्या राहतील. मग एकट्या उभ्या राहतील."

"सून बी एकटी न्हाई. अंगावर पाजती ती."

"मग तुम्ही बाळाला घ्या, आणि नंतर तुम्ही एकट्या."

"मी काय बोकड हाय?"

पुढच्या किराणा दुकानातून गुरुपादचे, गंगम्मांच्या मुलाचे, हसणे ऐकू आले.

"माझ्याजवळ द्या तिला. मी माझंच वजन करते, आधी तिच्याशिवाय, मग तिच्यासकट."

"परक्याच्या कडेवर गेलं की रातभर किरकिरतंय, म्याडम."

राजेश्रीने काट्याकडे बोट दाखवले. त्रिवेणी बाळाला घेऊन काट्यावर चढली. त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. मग गंगम्मा बाळाला घेऊन चढल्या. चौसष्ट किलो आठशे.

"झालं की मग."

"नाही झालं. माणसं तीन आहेत आणि आकडे दोनच."

"मग पुन्हा तोला की. लेकरू आन त्याची माय."

"तेच दहा वेळा तोललं तरी नवीन काही कळणार नाही, मावशी."

"आमच्या दुकानात तर एकदाच तोललं की कळतंय."

"दुकानात एका पारड्यात माप असतं," राजेश्री म्हणाली. आपला आवाज चढल्याचे तिला जाणवले. तो तिने खाली आणला. "आता तुम्ही दोघी. सासू आणि सून."

यात गंगम्मांना नाही म्हणण्यासारखे काही सापडले नाही. बाळाला बाजेवर निजवले. काटा लहान होता. दोघींना एकमेकींना धरल्याशिवाय त्यावर मावता येईना. "हलू नगं," गंगम्मा सुनेला म्हणाल्या आणि स्वतःच हलल्या. तिसऱ्या खेपेला आकडा स्थिर झाला. पंच्याण्णव किलो दोनशे.

राजेश्रीने एका कागदाच्या पाठीवर तीन समीकरणे मांडली. आई आणि बाळ, आजी आणि बाळ, आई आणि आजी. त्यांचे सहगुणक घेऊन मॅट्रिक्स केला, नुसते एक आणि शून्य. निश्चयक उणे दोन आला. शून्य नाही, म्हणजे उत्तर आहे आणि एकच आहे. आल्यापासून या घरात सरळ मिळालेली ही पहिली गोष्ट होती.

बाळ, सहा किलो चारशे.

"सहाच्या वर," गंगम्मा म्हणाल्या. "सांगत होते मी."

राजेश्री बाजेपाशी गेली. दुपट्यातून बाळाचा हात बाहेर काढून तिने दंडाभोवती अंगठा आणि बोट जुळवले. ते सहज जुळले, वर जागा उरली. काट्याची चूक धरली तरी शंभर ग्रॅमच्या आतलीच. गणितही बरोबर होते. तरी तिने ते पुन्हा केले. पुन्हा तेच आले.

त्रिवेणी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती बाजेवर बसली, दुपट्याच्या टोकाची गाठ सोडली आणि आतून काढलेले लोखंडी माप फरशीवर ठेवले. अर्धा किलोचे होते.

गंगम्मांनी नजर वळवली नाही. "लेकराचं खरं वजन कुणाला कळू द्यायचं नसतं. नजर लागती."

"मग स्वतःच्या कमरेला खोचायचं होतं, मावशी. काट्यावर चढताना, दोन्ही वेळेला. तुम्ही अर्धा किलो जड भरला असता, तिचं बरोबर आलं असतं."

"हे आदी सांगायचं की."

राजेश्रीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. सहा किलो चारशेतून पाचशे ग्रॅम गेले. "पाच किलो नऊशे. आज परभणीला न्यायचं."

"शंभर ग्रामानं काय होतंय? सहा लिव्हा."

"तुम्ही गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम सोडता?"

दुकानात कुणीतरी साबण मागत होते. गुरुपाद आता हसत नव्हता.

त्रिवेणीने खुंटीवरची पिशवी काढली आणि त्यात बाळाचे कपडे भरायला घेतले. झबली, टोपडी, एक चादर. मध्येच थांबून तिने विचारले, "म्याडम, त्यात माझं बी आलं आसंल की. किती आलं?"

ते आले होते. तीन समीकरणे सोडवली की तीन उत्तरे निघतात. राजेश्रीने त्यांतले एकच वाचले होते. तिने कागद उलटा केला.

"छत्तीस किलो आठशे."

गंगम्मा कागदाकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांना वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. मग त्यांनी सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"कपडे मी भरते," त्या म्हणाल्या. "तू बस अन् जेवून घे. गुरुपाद मागून जेवंल."