आजोबांच्या बंदुकीला करवत

मार्लीने रायफल बंदुका दुरुस्त करणाऱ्या रूडीच्या टेबलावर ठेवली, पण तिला हात काही काढवेना. मिशिगनमध्ये हरणांचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. तिची दहा वर्षांची लेक पहिल्यांदाच रानात निघाली होती आणि नळी पोरीला दोन इंच तरी लांब पडत होती. पण रायफल आजोबांची. मार्लीने बाराव्या वर्षी हेच मागितलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "आजोबांच्या बंदुकीला करवत लागायची नाही." पुढच्या वर्षी धाकटा भाऊ तीच रायफल घेऊन गेला. तो दणकट, म्हणून त्याला झेपली, असं घरात सगळे म्हणत.

आज बाबा सोबत आले होते, पण दुकानात आले नाहीत. "मला नाही बघवणार," म्हणून बाहेर गाडीतच बसून राहिले.

म्हाताऱ्या रूडीने लाकडी दस्ता सोडवला आणि नळी उलटी करून पाहिली.

"अगं, ही एकदा कापलेलीच आहे. हा बघ माझा शिक्का, एक्क्याण्णव सालचा. तुझे बाबाच घेऊन आले होते. पोराला जड जाते म्हणाले."

मार्लीला नाही म्हटल्याला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं.

"मग, कापू का?" रूडीने विचारलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

"कापा," ती म्हणाली. "पण जरा थांबा. आधी बाबांना आत आणते."