तळ्याकडची खिडकी

घर ही माणसाची दुसरी आई असते, असं चित्रकलेच्या नव्या मास्तरांचं ठाम मत होतं. गावातली एकही आई मात्र एकट्या पुरुषाला दत्तक घेईना. सहा घरमालकांनी "लग्न करून या" म्हणून परत पाठवलं. उद्या लॉज सोडायचं होतं.

सातवे मालक, खोत, अवघ्या दोन हजारांत माडी द्यायला तयार झाले. मास्तरांनी खिडकी उघडली, तसे तळ्यावरून शेकडो बगळे उठले आणि आभाळच पांढरं झालं. त्यांनी नकळत हात जोडले.

"काका, हे रोज दिसतं?"

"रोज. आणि फुकट."

मास्तरांनी तिथेच अनामत दिली.

"फक्त खिडकी लावून ठेवा, मास्तर," खोत हळूच म्हणाले. "पलीकडे आमचे व्याही राहतात. उघडी दिसली की त्यांना वाटतं, आम्ही बोलायला तयार आहोत."